आधी आवाज, मग हादरा

११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट आमच्या घरात पाच ठिकाणांहून सांगितली जायची. कोयनानगरची नाना सांगत, पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावची आजी, कराडची आत्या, चिपळूणची मावशी आणि मुंबईची थोरले काका. माझा जन्म त्यानंतरचा. पण जत्रेला किंवा दिवाळीला ही सगळी मंडळी गावी जमली की जेवणं उरकल्यावर कुणीतरी विषय काढायचंच, आणि एकाच पहाटेच्या पाच गोष्टी लागोपाठ ऐकायला मिळायच्या. आज मी जगभरच्या भूकंपांच्या नोंदी ठेवतो, त्याचं मूळ त्या रात्रींत आहे.

नाना म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. ते कोयना प्रकल्पावर टाइमकीपर होते. मजुरांची हजेरी, पाळ्यांच्या वेळा, जादा कामाचे तास हे सगळं त्यांच्याकडे. त्यामुळे कुठलीही हकीकत सांगताना आधी वेळ सांगायची त्यांची रीत होती. ‘‘चार वाजून एकवीस मिनिटं,’’ असं म्हणून ते सुरुवात करत. कॉलनीतलं घर दगडी होतं. नाना खाटेवरून खाली फेकले गेले. उठून उभं राहता येईना, म्हणून रांगत दारापाशी गेले, तर दार चौकटीत घट्ट अडकलेलं. शेवटी खिडकीची भिंत ढासळून जे भगदाड पडलं होतं, त्यातून ते बाहेर आले. बाहेर अंधार, नाकातोंडात धूळ आणि चारही बाजूंनी हाका. उजाडेपर्यंत त्यांनी आणि शेजाऱ्यांनी हातांनी दगड उपसले. इथपर्यंत आले की नाना थांबत. पुढचं ते कधी सांगत नसत आणि कुणी विचारतही नसे. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली आणि कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत.

तिथून काही कोसांवरच्या आमच्या गावात आजीची गोष्ट वेगळी होती. माजघराची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली, कौलं घसरली, पण लाकडी मेढी आणि आढं जागेवर राहिलं. म्हैस दावं तोडून पळाली. आजीनं पोरांना खळ्यात नेऊन भाताच्या पेंढ्यात झोपवलं, आणि थंडी संपेपर्यंत घरात निजायला कुणी तयार होईना. कराडच्या आत्याकडे भिंती उभ्या राहिल्या. गिलाव्याला तडे गेले, फडताळातली भांडी खाली आली आणि भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ बंद पडलं. घाटाखाली चिपळूणला मावशीकडे कौलं सरकली आणि विहिरीचं पाणी दोन दिवस गढूळ राहिलं. मुंबईला थोरले काका गिरणीत तिसऱ्या पाळीला होते. साच्यांच्या थरथरीत त्यांना हादरा कळलाच नाही. अचानक दिवे गेले, साचे थांबले आणि खात्यात काळोख झाला, एवढंच त्यांना ठाऊक. ज्या कोयनेच्या विजेवर मुंबई चालायची, ती कोयनाच हादरल्याचं दिवस वर आल्यावर समजलं आणि काका मिळेल त्या गाडीनं गावाकडे निघाले.

पुढे कॉलेजात एका पुस्तकात या भूकंपाचा नकाशा पाहिला. मधोमध कोयना, तिच्याभोवती वेड्यावाकड्या रेषा, आणि प्रत्येक रेषेवर त्या पट्ट्यात जमीन किती तीव्रतेनं हलली ते सांगणारा रोमन आकडा. हा आकडा यंत्रातून येत नाही, माणसांकडून येतो. इटलीच्या ज्युसेप्पे मर्काली यांच्या नावानं ओळखली जाणारी ही मोजपट्टी विचारते ते प्रश्न असे : झोपलेली माणसं जागी झाली का? टांगलेल्या वस्तू हलल्या का? लंबकाची घड्याळं थांबली का? गिलावा पडला की भिंती पडल्या? माणसांना उभं राहता आलं का? ते वाचताना मला आमच्या ओसरीवरची माणसं दिसू लागली. नाना सर्वांत आतल्या वर्तुळात, आजी त्याला लागून, आत्या आणि मावशी पुढच्या पट्ट्यात, काका पार कडेला. आमच्या घरानं तो नकाशा तोंडपाठ करून ठेवला होता.

त्या पहाटेची एक नोंद यंत्रानंही केली. कोयना धरणाच्या आतल्या बोगद्यात तीव्र कंपनं मोजणारं एक उपकरण बसवलेलं होतं. जमिनीच्या हालचालीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पटीपर्यंत गेल्याचं त्यानं टिपलं. धरणाला भेगा गेल्या, पण धरण टिकलं. नंतर ते भक्कम करण्यात आलं. ती कोयनेची नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियंत्यांनी आपल्या आराखड्यांची परीक्षा घ्यायला वापरली. ज्या पहाटेबद्दल नाना गप्प होत, तिची रेघ अशी जगभर फिरली.

भूकंपाच्या आधीची हकीकतही नानांकडेच होती. धरणामागचा शिवसागर जलाशय भरायला सुरुवात झाल्यावर वर्षा-दीड वर्षातच खोऱ्यात बारीकसारीक धक्के जाणवू लागले. धक्क्याबरोबर जमिनीतून आवाज यायचा, आणि प्रकल्पाच्या कामावर सुरुंगांची सवय असलेल्या लोकांना तो आधी सुरुंगाचाच वाटायचा. नाना सुरुंगाच्या वेळा लिहून ठेवणारे. या वेळेला सुरुंग नव्हता, हे त्यांना लगेच कळायचं. पुढे त्या परिसरात भूकंपमापक बसले. १३ सप्टेंबर १९६७ ला मॅग्निट्यूड पाचाच्या वरचा धक्का बसला आणि तीन महिन्यांनी सुमारे ६.३ चा मोठा भूकंप झाला. तोवर दख्खनचं पठार म्हणजे न हलणारा प्राचीन कातळ, असं भूशास्त्रात मानलं जाई. १९७० साली देशाचा भूकंप-नकाशा नव्यानं आखताना कोयनेचा विचार करावाच लागला.

आजीचं माहेर त्याच जलाशयाखाली गेलेलं. तिचे भाऊ घरंदारं सोडून कोकणपट्टीत उठून गेले होते. भूकंपाचा तिचा अर्थ सरळ होता : ‘‘एवढ्या पान्याचा भार भुईला कसा सोसंल?’’ नाना तिला कधी खोडत नसत. शास्त्रज्ञांनी पुढे जे सांगितलं, ते तिच्या म्हणण्यापासून फार दूर नाही. इथल्या खडकांत लाखो वर्षांचा ताण आधीच साठलेला असतो. जलाशयाच्या पाण्याचं वजन त्यावर पडतं हे खरं, पण त्याहून मोठं काम खोलवर झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाचं. भेगांमधला दाब वाढला की दोन्ही बाजूंच्या खडकांची एकमेकांवरची पकड सैल होते, आणि जो प्रस्तर कधीतरी सरकणारच होता, तो आता सरकतो. आफ्रिकेतलं करीबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, चीनमधलं शिनफेंगजियांग या धरणांपाशीही १९६० च्या दशकात सहाच्या वरचे भूकंप झाले. पण कोयनेसारखं उदाहरण दुसरं नाही, कारण इथले धक्के थांबलेलेच नाहीत. जवळच्या वारणेचा जलाशय भरल्यावर ते दक्षिणेकडेही सरकले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या हर्ष गुप्ता यांनी आयुष्याचा मोठा भाग या खोऱ्याच्या अभ्यासात घालवला. आता कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे, आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटपर्यंत शास्त्रज्ञ पोचले आहेत.

आजीनं आम्हा पोरांना एक नियम घालून दिला होता. ‘‘आदी आवाज, मग हादरा. आवाज आला की वाट बगायची न्हाय, भाईर पळायचं. आन् भिताडाच्या कडंनं निजायचं न्हाय.’’ तिच्या घरात बिछाने कायम मेढीजवळ आणि दाराच्या समोर पडत. शाळेत मी विज्ञान शिकवू लागलो तेव्हा या नियमाचं कारण मुलांना समजावून सांगता आलं. खडक फाटला की तिथून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली खडकाला पुढेमागे दाबत येते, सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगानं. तिची थरथर हवेत उतरली तर कानाला गडगड ऐकू येते. दुसरी खडकाला आडवी हलवते, वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास. ही भिंती पाडते. दोघींमधलं अंतर सेकंदात मोजून आठानं गुणलं की भूकंपाची जागा ढोबळमानानं किती किलोमीटरवर आहे ते कळतं. कोयनेत ते अंतर सेकंद-दोन सेकंदांचं. दाराशी निजलेल्या माणसाला तेवढे पुरतात, आतल्या खोलीतल्याला पुरत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाच्या युरोपात उमटलेल्या नोंदी तपासून या लहरी वेगवेगळ्या ओळखता येतात हे जगाला दाखवलं. आजीनं ती ओळख अंगावर घेऊन केली होती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी झालेली. गणपती पोचवून गावात सगळे उशिरा झोपले होते. मी सुटीत गावी होतो. पहाटे चारच्या सुमारास जाग आली ती आवाजानं नाही, झुलण्यानं. आढ्याला टांगलेलं शिंकं सावकाश हेलकावे खात होतं, आणि ते थांबेचना. आजी उठून बसली होती, पण दाराकडे गेली नाही. नाना ओसरीवरून आत आले, त्यांनी कंदील वर धरून शिंक्याकडे बराच वेळ पाहिलं, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ह्यो आपला न्हवं. आवाज न्हाय, झटका न्हाय. लांबचा हाय, आन् लय मोठा हाय. कुनाचं तरी घर बसलं.’’

सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव आलं. आमच्यापासून जवळपास तीनशे किलोमीटर. नानांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं होतं. अंतर वाढेल तशा झटक्याच्या, आवाजाच्या बारीक लहरी खडकात विरून जातात आणि सावकाश झुलवणाऱ्या लांब लहरी तेवढ्या पुढे येतात. शिंक्यावरून त्यांनी अंतर आणि आकार दोन्ही वाचले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत त्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप सुमारे ६.२ चा, म्हणजे कोयनेच्याच तोडीचा. पण तिथल्या घरांच्या भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, चांगल्या जाड, आणि वर ऊन अडवायला मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती आणि तेच छत झोपलेल्या माणसांवर आलं. त्या दिवसापासून मी वर्तमानपत्रांतली कात्रणं एका जाड वहीत चिकटवायला सुरुवात केली. डाव्या पानावर वेळ, जागा, खोली, मॅग्निट्यूड. उजव्या पानावर माणसांनी काय सांगितलं ते. वह्या बदलल्या, ही विभागणी बदललेली नाही.

हौसेनं जमिनीकडे कान देणाऱ्यांची परंपरा चांगली जुनी आहे. १८८९ च्या एप्रिलात जर्मनीत पॉट्सडॅम इथे एर्न्स्ट फॉन रेबॉइर-पाश्विट्झ हे खगोलशास्त्रज्ञ फार नाजूक लंबकावर वेगळंच काही मोजत असताना त्यांच्या कागदावर एक अनोळखी थरथर उमटली. काही काळानं जपानमधल्या भूकंपाची बातमी वाचनात आली आणि वेळा जुळल्या. पृथ्वीच्या पाठीवर कुठेही झालेला मोठा भूकंप दुसरीकडे बसून टिपता येतो, हे त्या दिवशी कळलं. जॉन मिल्न हे इंग्रज खाणतज्ज्ञ १८७६ मध्ये जपानला शिकवायला गेले आणि तिथल्या जमिनीनंच त्यांना भूकंपाकडे ओढलं. १८९५ साली मायदेशी परतल्यावर आइल ऑफ वाइट बेटावरच्या शाइड या गावात त्यांनी राहत्या घरी वेधशाळा थाटली. जगभर एकाच धर्तीची यंत्रं बसवून घेतली आणि सगळीकडून येणाऱ्या नोंदी एकत्र करून ते छापून पाठवत राहिले. एका घरातून, टपालाच्या भरवशावर, जगाच्या भूकंपांचा हिशेब ठेवला जात होता. त्या जाळ्यातलं एक यंत्र १८९८ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत बसलं. तेव्हा तिथे नानाभाई मूस संचालक होते.

माझ्या घरचं भूकंपमापक यंत्र त्याच घराण्यातलं आहे. कराडच्या घरी तळमजल्यावरच्या एका कोपऱ्यात, फरशी काढून खालच्या कोब्यावर ते ठेवलं आहे. एक लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला जड वजन, आणि सगळं मिळून किंचित कललेल्या खांबावर शेताच्या फाटकासारखं टांगलेलं. जमीन हलते तेव्हा वजन आपल्या जागी राहू पाहतं, खांब मात्र हलतो. त्या दोघांमधला फरक चुंबक आणि तारेचं वेटोळं यांच्यामार्फत संगणकात जातो आणि पडद्यावर रेघ होते. आता लहान तयार यंत्रंही मिळतात आणि देशोदेशीचे हौशी लोक ती घरात ठेवून आपल्या रेघा सर्वांसाठी खुल्या करतात. पण दांड्याचा कल बोटाच्या पेरानं जमवत बसल्याशिवाय लंबक म्हणजे काय ते मला उमगलं नसतं.

भूकंप नसतानाही रेघ सरळ नसते. जून लागला की ती जाड होते. अरबी समुद्र खवळला की लाटांचा ठोका समुद्रतळातून शेकडो किलोमीटर आत येतो आणि दर काही सेकंदांनी लंबकाला हलवत राहतो. कुलाब्याला सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी या सूक्ष्म कंपनांचा समुद्रावरच्या वादळी हवामानाशी असलेला संबंध अभ्यासला आणि १९३० मध्ये त्यावर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. घाटमाथ्याच्या इकडे बसूनही मान्सूनची वर्दी रेघेवर आधी दिसते, याचा आनंद मला दर वर्षी नव्यानं होतो.

६ फेब्रुवारी २०२३ ची सकाळ. सातला काही मिनिटं कमी असताना रेघ थरथरली. पहिली लहर बारीक पण धारदार होती. मग ती थोडी निवळली. मी पट्टी घेऊन वाट पाहत बसलो. सुमारे सहा मिनिटांनी दुसरी लहर आली, आधीपेक्षा कितीतरी उंच. मधलं अंतर एवढं लांबलं की आठानं गुणायचा हिशेब उपयोगाचा नाही, कारण लहरी पृथ्वीच्या पोटातून खोल वळसा घेऊन आलेल्या असतात. त्यासाठी कोष्टक पाहावं लागतं. कोष्टकानं सुमारे सव्वाचार हजार किलोमीटर दाखवलं. पृथ्वीगोलावर दोरा धरून कराडभोवती वर्तुळ काढलं. एका यंत्राला दिशा नक्की सांगता येत नाही, वर्तुळ तेवढं सांगता येतं. ते वर्तुळ वायव्येला तुर्कस्तानवरून जात होतं. मग पृष्ठभागावरून येणाऱ्या लांब लहरी पोचल्या आणि रेघ पडद्याच्या दोन्ही कडांना जाऊन धडकू लागली. ज्या जमिनीवर मी उभा होतो ती हलत होती आणि मला काही जाणवत नव्हतं. तुर्कस्तानात पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. कोयनेची वेळ, किल्लारीची वेळ. सगळी माणसं आत, भिंतींजवळ, झोपलेली. भूकंप ७.८ चा होता आणि त्याच दिवशी दुपारी जवळच आणखी एक तेवढाच भयंकर झाला. तुर्कस्तान आणि सीरियात मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली.

जगभरच्या भूकंपांची यादी रोज सकाळी उघडली की दिसतं, पृथ्वी कधीच निवांत नसते. वर्षाकाठी सुमारे वीस हजार भूकंपांची जागा यंत्रं निश्चित करतात, म्हणजे दिवसाला पन्नासच्या वर. सातच्या वरचे वर्षाला पंधराच्या आसपास, आठच्या वरचा सरासरीनं एखादा. मॅग्निट्यूडचा आकडा एकानं वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. सातच्या भूकंपाला पाचच्या भूकंपाचा थोरला भाऊ समजू नये. तो त्याच्या हजारपट आहे. रोज पाहिलं की जागांची ओळख होते. फिजी आणि टोंगाकडचे भूकंप कित्येकदा पाचशे-सहाशे किलोमीटर खोल असतात. हिंदुकुशचे दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून ते दिल्लीपर्यंत जाणवतात आणि खुद्द हिंदुकुशात मात्र फार मोडतोड करत नाहीत. कोयनेचे उथळ, पाच-दहा किलोमीटरच्या आतले, म्हणून लहान असूनही आवाज करून येतात.

मोठ्या भूकंपाची बातमी आली की ओळखीपाळखीचे फोन येतात : आता आपल्याकडे होणार का? कधी होणार? वेळ आणि जागा आधी सांगण्याची रीत आजवर कुणालाही सापडलेली नाही, आणि जो ती सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं मी स्पष्ट सांगतो. जे सांगता येतं ते वेगळं आहे आणि पुष्कळ आहे. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के दिवसांबरोबर ठरावीक प्रमाणात विरळ होत जातात, हे जपानच्या फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखवून दिलं. आजी थंडीभर खळ्यात का निजली आणि उन्हाळ्यात घरात का परतली, याचं गणित त्यात आहे. आणि कुठल्या भिंती माणसं मारतात हेही सांगता येतं. २०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला आणि लाखाहून अधिक माणसं गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, ऊर्जेनं पाचशेपट मोठा, आणि मृतांची संख्या शेकड्यांत राहिली. चिलीनं जुन्या भूकंपांच्या आठवणी बांधकामाच्या नियमांत उतरवल्या होत्या.

आठवण किती काळ टिकू शकते, याची उदाहरणं माझ्या वहीच्या उजव्या पानांवर आहेत. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांमध्ये गरुडासारख्या प्रचंड पक्ष्याच्या आणि देवमाशाच्या झुंजीच्या कथा आहेत, आणि हिवाळ्यातल्या एका रात्री जमीन हलून समुद्रानं किनाऱ्यावरची वस्ती नेल्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शास्त्रज्ञांना त्याच किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात बुडून मेलेली झाडं सापडली. त्यांच्या कड्या सांगत होत्या की १६९९ चा हंगाम त्यांचा शेवटचा. दुसरीकडे जपानच्या जुन्या दप्तरांत १७०० च्या जानेवारीअखेर आलेल्या एका सुनामीची नोंद होती, जिच्याआधी तिथे भूकंप जाणवलाच नव्हता. केन्जी साताके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लाटेच्या प्रवासाची वेळ मागे मोजली आणि उत्तर आलं : २६ जानेवारी १७००, रात्री नऊच्या सुमारास, नऊच्या आसपासचा भूकंप. म्हाताऱ्यांची गोष्ट, झाडाची कडी आणि दप्तरातली शाई एका रात्रीवर येऊन मिळाली.

इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट आहे. तिथे १९०७ साली सुनामीनं असंख्य माणसं नेली. वाचलेल्यांनी ती गोष्ट ‘स्मोंग’ या नावानं गाण्यांत आणि अंगाईत घातली. जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, तर सामान गोळा करत बसू नका, डोंगर गाठा. २६ डिसेंबर २००४ ला ९.१ च्या भूकंपानंतर लाट या बेटावर काही मिनिटांतच पोचली. कुठलाही भोंगा वाजला नव्हता. सुमारे ७८ हजार वस्तीतली सात माणसं गेली. बाकीची आधीच डोंगरावर होती. जपानमध्ये अनेयोशी या गावात १९३३ च्या सुनामीनंतर चढावर एक दगड रोवलेला आहे. याच्या खाली घर बांधू नका, अशी ताकीद त्यावर कोरली आहे. गावकऱ्यांनी ती पाळली. २०११ च्या मार्चमध्ये लाट दगडाच्या खालीच थांबली आणि वरच्या घरांना पाणी लागलं नाही.

ही पानं वाचताना आजीचा नियम माझ्या मनात असतो. तोही स्मोंगच होता. कुणी छापला नाही, कुणी कोरला नाही, पण त्यानं आमच्या घरात बिछाने कुठे घालायचे ते ठरवलं. म्हणून शाळेतल्या मुलांना मी भूकंपाचा धडा शिकवतो तेव्हा घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारायला सांगतो. ‘भूकंप आठवतो का’ असं विचारलं तर ‘लय मोठा झाला’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारायचं : त्या वेळी तुम्ही नेमके कुठे होता? आधी आवाज आला की आधी हललं? आवाज कुठल्या अंगानं आला? पहिली कुठली भिंत पडली आणि कुठल्या बाजूला? लाकडाचं काय झालं? जनावरांनी काय केलं? किती दिवस बाहेर निजलात? मुलं उत्तरं आणतात. ती उत्तरं गावांच्या नावांनिशी नकाशावर मांडली की एक वेगळीच गोष्ट उघड होते. एकाच गावात ओढ्याकाठच्या भरावाच्या जमिनीवरची घरं पडली आणि कातळावरची टिकली, हे माणसांना आठवतं. पूर्वी त्या खोऱ्यात यंत्रं मोजकीच होती, आणि ती गल्लीगल्लीची नोंद ठेवू शकत नव्हती. ती म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहे, आणि नवीन घर कुठे बांधावं हे ठरवायला तीच उपयोगी पडते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं संकेतस्थळही लोकांना हेच विचारतं की तुम्हाला हादरा जाणवला का आणि कसा. लाखो लोकांच्या उत्तरांवरून तीव्रतेचे नकाशे तयार होतात. प्रश्न मर्कालींचेच आहेत, ऐकून घेण्याचं साधन नवं आहे.

नाना गेले, आजी गेली. त्यांनी सांगितलेलं मी वहीच्या उजव्या पानावर उतरवलं आहे, त्यांच्याच बोलीत, वेळेसकट. कोयनेच्या पहाटे दहा वर्षांचं असलेलं मूल आज सत्तरीजवळ पोचलं आहे. किल्लारीची पहाट पाहिलेली तरणी माणसं साठीकडे आली आहेत. दोन्ही भागांत आता सिमेंटची घरं उभी राहताहेत, त्यांतली कित्येक पुन्हा हिशेबाविना, कारण बांधणाऱ्यानं ती पहाट पाहिलेली नाही आणि कुणी त्याला ती नीट सांगितलेलीही नाही. तुमच्या घरात, वाड्यात, वस्तीत ती पहाट आठवणारं कुणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि वर दिलेले प्रश्न विचारा. जे सांगतील ते सांगतील तसंच लिहा, गावाचं नाव आणि घराची जागा घाला, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवा. पुढचं घर बांधणाऱ्याच्या हाती ती पडली पाहिजे.